उलटी बाटली आणि ग्लिसरीनची अफवा

वाचकांचे प्रश्न : गोव्यातली बिअर

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या बारमध्ये काही जण बाटली उघडून पाण्याने भरलेल्या ग्लासात उलटी धरतात. तेलासारखे काहीतरी खाली उतरते. ते ग्लिसरीन, ते गेले की डोके धरत नाही, असे म्हणतात. खरे का? (डिचोली)

उत्तर : खाली उतरते हे खरे, पण ती बिअरच असते. आंबवण संपल्यावरही बिअरमध्ये न आंबलेले डेक्स्ट्रिन (धान्यातल्या पिष्टाचे तुकडे) उरते. त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड, साधारण १.००५ ते १.०१० घनतेची असते. बाटलीचे तोंड पाण्यात बुडले की जड बिअर खाली सरकते आणि हलके पाणी वर बाटलीत शिरते. दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून तापलेल्या डांबरावरच्या हवेसारख्या थरथरत्या रेघा दिसतात.

ग्लिसरीन बिअरमध्ये असते, पण ते यीस्टनेच तयार केलेले, लिटरला एक-दोन ग्रॅम. ते पूर्ण विरघळलेले असल्याने असे वेगळे निघूच शकत नाही. खात्री हवी असेल तर २५० मिली पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, रंगासाठी आमसुलाचे पाणी थोडे घाला, रिकाम्या पिंटच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि तितक्याच तापमानाच्या साध्या पाण्यात उलटी धरा. त्याच रेघा दिसतील. बारमधल्या त्या उलट्या बाटलीने हाती येते ती पाणी घातलेली, गॅस गेलेली बिअर.

डोके धरते ते अल्कोहोलने. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँगमध्ये ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असते, तर ५ टक्क्यांच्या ३३० मिली पिंटमध्ये साडेसोळा. म्हणजे एक मोठी स्ट्राँग संपवली की तीन पिंटांहून जास्त पोटात गेले. वर पाणी न पिता उन्हात बसलात, तर दोष ग्लिसरीनला देऊ नका.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये हिरव्या बाटलीतली बिअर सुरुवातीला छान लागते, पण अर्ध्यावर जळक्या रबराचा, लसणीचा वास येतो. भेसळ असते का? (फोंडा)

उत्तर : भेसळ नाही, हा उन्हाचा प्रताप. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स या फुलांचा कडूपणा ज्या आयसो-अल्फा आम्लांमुळे येतो, ती निळ्या आणि अतिनील प्रकाशात तुटतात. बिअरमधले रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) या कामात हातभार लावते आणि थायोल हे उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी थोडाच, पांढरी जवळजवळ नाहीच. भर दुपारी पांढऱ्या काचेत काही मिनिटेही पुरतात. आणि हे विसरले जाते : तपकिरी बाटलीतली बिअर ग्लासात ओतून उन्हात ठेवली की ती संरक्षणाबाहेर गेली. टेबल सावलीत घ्या किंवा कॅन मागवा आणि त्यातूनच प्या.

दुकानातही काचेच्या दारामागे ट्यूबलाइटखाली उभी असलेली पुढची बाटली सोडून मागची घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव मात्र प्रकाशाची नव्हे, उष्णता आणि प्राणवायूची. बंद गाडीच्या डिकीत मे महिन्यात दोन दिवस राहिलेला क्रेट हमखास तसा लागतो. लेबलवरची भरल्याची तारीख पाहण्याची सवय लावा.

प्रश्न : वीज गेली तर बिअर लवकर गार कशी करावी? (सावंतवाडी)

उत्तर : नुसत्या बर्फात नको, बाटलीला हवाच जास्त लागते. बादलीत दोन किलो बर्फ, बाटल्या गळ्यापर्यंत बुडतील इतके पाणी आणि दोन मुठी जाडे मीठ घाला. मधूनमधून बाटल्या फिरवा. कॅन दहा मिनिटांच्या आत, मोठी बाटली वीसेक मिनिटांत गार होते. गार झाली की काढा. ५ टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठू लागते, आणि बाटली फुटते. वीज असताना फ्रीझरमध्ये विसरलेल्या बाटलीचेही तेच होते.

प्रश्न : मायक्रोब्रुअरीतली गव्हाची बिअर गढूळ होती, पिकलेल्या केळ्याचा वास येत होता. परत करायला हवी होती का? (मडगाव)

उत्तर : नाही. केळे आणि लवंग हे त्या यीस्टचेच गंध, गढूळपणाही त्या प्रकाराचाच. लोण्यासारखा किंवा व्हिनेगरचा वास आला तर मात्र ग्लास बदलून मागा. नळी धुतली नसेल. फेस लगेच विरला आणि बुडबुडे काचेला चिकटून राहिले, तर ग्लास तेलकट आहे.

प्रश्न : हुर्राकच्या दिवसांत हुर्राकमध्ये बिअर घालून प्यावी का? (पेडणे)

उत्तर : घालू नये, असे आमचे मत. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबलेल्या रसाची पहिली धार, साधारण १५ टक्के अल्कोहोलची. त्यापुढच्या ऊर्ध्वपातनाने फेणी होते, ती चाळिशी ओलांडते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राकचा तो टोकदार, फळाचा वास हॉप्सच्या कडूपणाशी भांडतो. आयपीए या हॉप्स जास्त घातलेल्या कडू बिअरबरोबर तर दोन्हींची चव जाते. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू सोडा एवढेच तिला पुरते. तरीही हौस असेल तर धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर घ्या, आणि वेगळ्या ग्लासात. प्रमाणाचा अंदाज मात्र ठेवा : ६० मिली हुर्राकमध्ये ९ मिली अल्कोहोल असते, पण ती कोणी ६० मिलीने ओततच नाही.