गोळे वर जात नाहीत म्हणून आबांना रागावू नका

ताई, आबांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढून तीन आठवडे झाले, श्वासाचा व्यायाम करायच्या, तीन गोळे असलेल्या यंत्रात एकच गोळा उठतो आणि घरातले सगळे त्यांना "पडून राहा" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझंही 2019 मध्ये हेच ऑपरेशन झालं. जुन्या टीबीने तो भाग निकामी झाला होता.

आधी त्या यंत्राचं. ते फुंकायचं नाही, त्यातून हवा आत ओढायची. दवाखान्यात सांगतात, पण त्या गुंगीत माझ्या काही लक्षात राहिलं नाही आणि घरी आल्यावर मी आठवडाभर फुंकत बसलो. आणि तिसरा गोळा उठलाच पाहिजे असंही नाही. त्यावरचे 600, 900, 1200 हे आकडे दर सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत जाते ते सांगतात, म्हणजे हवेचा वेग. जोराचा हिसका दिला की तिन्ही गोळे वर जातात, पण फुप्फुसाचा तळ तसाच मिटलेला राहू शकतो. आबांना खुर्चीत ताठ बसवा. सावकाश ओढायचं, पहिला गोळा दोन-तीन सेकंद वर धरायचा, मग सोडायचं. जागेपणी तासाला दहा वेळा, मध्ये विसावा घेत. घाईने सलग केलं की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

श्वासाच्या स्नायूंची ताकद वाढवायचं यंत्र वेगळं. त्यात स्प्रिंग असते आणि ठरावीक जोर लावल्याशिवाय झडप उघडत नाही. फिजिओथेरपिस्ट आधी आबांचा हवा ओढण्याचा जास्तीत जास्त जोर मोजतील आणि साधारण त्याच्या 30 टक्क्यांवर स्प्रिंग लावतील. मला 30 श्वास, दिवसातून दोनदा असं सांगितलं होतं, तेही दीड महिन्यानंतर. घरबसल्या मागवून मनाने सुरू करू नका. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठलेली असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर ते देत नाहीत.

दुखतं म्हणून आबा खोकला दाबत असतील, तर तो दाबू देऊ नका, कफ आत साठतो. टाक्यांवर उशी घट्ट धरून खोकायला सांगा. वेदनेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम करायचा. ऑपरेशनच्या बाजूचा खांदाही रोज हळूहळू वर न्यायला हवा, नाहीतर तो आखडतो. माझा आखडला होता. सदरा घालायला चार महिने बायकोची मदत लागली.

आणि चालणं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. मी अंगणापासून सुरुवात केली, मग गल्लीचं टोक, मग केळीच्या बागेचा बांध. गल्लीतलं कोणी "आते बरं शे का?" (आता बरं आहे का?) विचारलं की न थांबता पूर्ण वाक्यात उत्तर देता यायला हवं. तुटक शब्द निघाले तर वेग कमी करायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा चालणं पहाटेच. भरिताची वांगी काड्यांवर भाजताना, मिरचीची फोडणी देताना, कापसाच्या जिनिंगजवळून जाताना आबांना धूर-धुळीपासून लांब ठेवा. जेवणात उडदाची डाळ, अंडं, दूध असू द्या, स्नायू त्यावरच भरतात. पाण्याची कळशी मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत उचलू देऊ नका.

अचानक दम लागला, छातीत कळ आली, कफात रक्त दिसलं, ताप आला, जखमेतून पू आला किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम किंवा छातीची कळ असेल तर रात्र असली तरी थांबू नका.

आबा सध्या सलग किती चालतात आणि झोपताना किती उशा लागतात, तेवढं कळवा.