शहरी उष्म्यावर पहिलाच अभ्यास? आधी विषय कापा

‘पुण्यातली वाहतूक आणि हवामानबदल’ हा विषय एमएच्या प्रबंधाला झेपणार नाही. स्वारगेट ते हडपसर, मे महिना, भर दुपार: बसथांब्यांवर सावली किती आणि ती कोणाच्या वाट्याला येते? एवढं पुरे. खरं तर हेही भरपूर होतं.

सगळ्यात जास्त घोळ उपग्रहाच्या नकाशांचा होतो. लँडसॅट उपग्रहावरून मिळतं ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे. तापलेला पत्रा नकाशात लालभडक दिसेल, पण त्याखाली राहणाऱ्याला काय सोसावं लागतं ते त्यात नाही. शिवाय आपल्याकडची त्याची नेहमीची चित्रं सकाळी अकराच्या सुमाराची. दुपारच्या झळा, रात्री न निवणाऱ्या खोल्या त्यातून सुटतात. म्हणून साधा तापमापक सावलीत धरून स्वतः नोंदी घ्या, वेळेसकट.

आणखी दोन गोष्टी:

- २०११च्या जनगणनेतले प्रवासाचे तक्ते फक्त कामावर जाण्याचे आहेत. मुलाला शाळेत सोडून भाजी घेऊन परतणारी बाई त्यात नाही. ती तुम्हालाच गाठावी लागेल.
- थांब्यावर लोकांशी बोलताना उत्पन्नाचा प्रश्न शेवटी. सुरुवातीलाच विचारलात तर माणूस पुढची बस पकडतो!

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सवडीने शिका. रिग्रेशन वगैरे संख्याशास्त्र आत्ता नकोच.