लिंगाच्या त्वचेवर डाग आलाय, पण दुखत नाही. सोलापुरात डॉक्टरांना दाखवावं का?

दाखवा. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सिफिलिस या गुप्तरोगाचा पहिला व्रण बहुधा दुखतच नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो आणि आजार मात्र अंगात राहतो.

टोकाच्या कडेने ओळीत बारीक दाणे असतील, वर्षानुवर्षं तसेच असतील, तर ते नैसर्गिक, सोडून द्या. पण नवा फोड, जखम किंवा कडक गाठ दिसली तर वाट न बघता, आणि पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. शंका आलीच तर ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पुढची कातडी मागे सरकेनाशी झाली, भेगा पडून खाज सुटली, तर आधी साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह असाच सापडतो. अंगदुखीची गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी काळसर डाग उठतो, असंही होतं. गोळीचं नाव लिहून न्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात, घामाने जांघेत गजकर्ण होतंच. मेडिकलवाल्याकडून आणलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं: खाज थांबते, गजकर्ण पसरत राहतं.

ताप, झपाट्याने वाढणारी सूज, काळी पडणारी कातडी, किंवा कातडी मागेच अडकून बसली, तर रात्र असली तरी सिव्हिलला जा. एरवी तिथेच त्वचा-गुप्तरोगाच्या ओपीडीत दाखवा. लाजू नका, ते रोज हेच बघतात. जाताना मलम चोपडू नका, डाग नीट दिसत नाही. वापरलेली ट्यूब मात्र खिशात असू द्या.