भटजींचा आवाज मागे का पडतो?

प्रश्न: ताईच्या १९९३ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट यूएसबी कॅप्चर उपकरणाने संगणकावर घेतोय. सुरुवातीला सगळं जुळतं. मंगलाष्टकांपर्यंत भटजींचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर: आवाज पहिल्यापासून तेवढाच मागे असता, तर पुढे सरकवून काम भागलं असतं. तुमचा फरक वाढत जातोय, म्हणजे बहुतेक फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) गळताहेत. आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. तेवढ्या गळल्या की चित्र सेकंदभर आखूड, आवाज मात्र पूर्ण! कॅप्चर करताना ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा (गळलेल्या फ्रेमचा) आकडा बघत राहा. टेप चुरगळलेली असेल तिथे तो उडी मारतो. (नागपूरचा मे आणि पत्र्याखालचा माळा, कॅसेटने सोसावं तरी किती?) व्हीसीआर आणि कॅप्चरच्या मध्ये टाइम बेस करेक्टर हे उपकरण लावा, ते टेपचा डळमळता सिग्नल सावरतं. महाग आहे, कुणाकडून मागून आणा. मध्ये यूएसबी हब असेल तर तोही काढा, कॅप्चर थेट संगणकाला जोडा.

आकडा शून्य असूनही फरक वाढतोय? मग आवाज बहुधा वेगळ्या साउंड कार्डातून येतोय आणि दोन्ही उपकरणांची आतली घड्याळं जुळत नाहीत. चित्र घेता त्याच उपकरणातून, ४८,००० हर्ट्झवर आवाज घ्या. आधीच घेतलेली फाइल असेल तर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ वापरून आवाज चित्राएवढा करा.