एनबीआय असलेलंच सेंटर गाठावं का? वडिलांच्या कोलोनोस्कोपीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, त्यांच्या धाकट्या भावाला ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, बहिणीला गर्भाशयाचा झाला होता. घराजवळच्या डॉक्टरांकडे साधी एचडी दुर्बीण आहे. दुसरं हॉस्पिटल 'एनबीआय आणि एआयसह' म्हणून बरेच जास्त पैसे सांगतंय. जास्तीचे पैसे घालावेत का?

एंडोस्कोपीच्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) म्हणजे काय ते. पांढऱ्या प्रकाशातले फक्त दोन पट्टे वापरायचे: ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० च्या आसपासचा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषून घेतं. निळा प्रकाश अस्तरात फार खोल जात नाही, त्यामुळे वरच्या बारीक केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात आणि खालच्या जाड शिरा हिरवट-निळ्या. ज्या पॉलिपचा (अस्तरावरच्या छोट्या वाढीचा) पुढे कॅन्सर होऊ शकतो, त्या अॅडिनोमात अशा वाहिन्यांची दाटी असते, म्हणून तो तपकिरी डागासारखा नजरेत भरतो. स्कोपच्या मुठीवरचं बटण दाबलं की झालं. शाई नाही, इंजेक्शन नाही. फुजीचं बीएलआय आणि एलसीआय, पेंटॅक्सचं आय-स्कॅन ही त्याच कुळातली भावंडं. नुसत्या या बटणाचे कुणी वेगळे पैसे लावत असेल तर मी तरी कारण विचारीन.

फायदा होतो का? होतो, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. एनबीआय नवं असताना झालेल्या कित्येक चाचण्यांत पांढऱ्या प्रकाशापेक्षा जास्त पॉलिप सापडलेच नाहीत, कारण चित्र फार काळोखं यायचं. पुढच्या पिढीची यंत्रं उजळ निघाली. २०१९ मध्ये अनेक चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा किमान एक अॅडिनोमा सापडलेल्यांचं प्रमाण एनबीआयमध्ये ४५.२ टक्के आणि पांढऱ्या प्रकाशात ४२.३ टक्के आलं. त्यातली खरी मेख अशी, की ज्यांचं पोट उत्तम साफ होतं त्यांच्यात हा फरक जास्त ठळक होता.

हे खोलीत रोज दिसतं. एनबीआय लावलं की उरलेलं पित्ताचं पाणी रक्तासारखं लाल दिसतं आणि मळाचे कण सगळं चित्र खराब करतात. घाणेरड्या काचेवर टॉर्च मारण्यातला प्रकार. म्हणून आधी सगळा जोर प्रेपवर, म्हणजे औषध घेऊन पोट साफ करण्यावर लावा. औषध दोन भागांत घ्यायला सांगितलं आहे का ते विचारा: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी, वेळेच्या चार ते सहा तास आधी सुरू करून. सगळं आदल्या रात्रीच संपवलं तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून चिकट द्रव उतरतो आणि नेमकं उजवं आतडं माखतं. सपाट, फिकट, वर शेवाळासारखा चिकट थर असलेले सेरेटेड पॉलिप तिथेच लपतात. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, तीळ, राजगिरा, पालेभाज्या बंद. पेज, मऊ भात, ताक चालतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, त्यांनी मळ काळा होतो. रक्त पातळ करणारी औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर स्वतः काही ठरवू नका, डॉक्टरांनाच विचारा.

दुसरी गोष्ट वेळ. स्कोप सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी आतल्या टोकापर्यंत घालणं हा प्रवास. पॉलिप शोधले जातात ते परत येताना. २००६ मध्ये अमेरिकेत १२ डॉक्टरांच्या कामाचा अभ्यास झाला. परतीला सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त देणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत अॅडिनोमा सापडले, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. प्रकाश तोच, स्कोप तसाच. वर दिलेल्या एनबीआयच्या फरकाशेजारी हे आकडे ठेवून बघा. आता तिकडे सरासरी आठ मिनिटांची अपेक्षा ठेवतात. उजवं आतडं दोनदा बघणं, रुग्णाला कुशीवरून पाठीवर वळवणं, प्रत्येक घडीमागे डोकावणं या बिनपैशाच्या गोष्टी आहेत, आणि त्या करणारा डॉक्टर मिळाला तर साधी एचडी दुर्बीण पुरते.

एआयचंही तसंच. पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट येते. चीनमधल्या २०१९ च्या चाचणीत अॅडिनोमा सापडलेल्यांचं प्रमाण २०.३ वरून २९.१ टक्क्यांवर गेलं, मात्र वाढीव सापडलेले बहुतेक पॉलिप अगदी लहान होते. आणि जे पडद्यावर आलंच नाही त्यावर चौकट कुठून येणार? २०२५ मध्ये पोलंडमधून एक अस्वस्थ करणारा अभ्यास आला: एआय वापरायला लागल्यावर त्याच डॉक्टरांच्या एआयविना केलेल्या तपासण्यांत प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. एका अभ्यासावरून निकाल लावू नये, पण यंत्र आहे म्हणून डोळा सैल पडतो हे मला पटतं.

हे सगळे परदेशी आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. तिकडे लक्षणं नसलेल्या लोकांची सर्रास तपासणी होते. आपल्याकडे बहुतेक जण रक्त पडलं, वजन घटलं म्हणून येतात, आणि पॉलिपही कमी सापडतात.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. काकांना पन्नाशीच्या आत आतड्याचा आणि आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर, ही जोडी ऐकल्यावर लिंच सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. कॅन्सरचा धोका वाढवणारा हा दोष आनुवंशिक असतो आणि त्यात पॉलिपचा कॅन्सर व्हायला नेहमीसारखी दहा वर्षं लागत नाहीत; म्हणून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करत राहतात. अशा घरात मात्र माझं उत्तर बदलतं. एचडी स्कोप तर हवाच, शिवाय एनबीआय किंवा अस्तरावर इंडिगो कार्मिनची निळी शाई फवारून बघायची सोय असेल तर ती घ्या. पण पैसे तिथे घालण्याआधी काकांच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा. 'एमएमआर' तपासणी (गाठीतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का ते बघणारी) केलेली नसेल तर लॅबमध्ये जपलेल्या मेणाच्या ब्लॉकवर ती आजही होऊ शकते. मुंबईत टाटा मेमोरियलकडे कॅन्सर जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे कुटुंबाचा पूर्ण इतिहास घेऊन जा.

घराजवळच्या डॉक्टरांना फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रेप दोन भागांत देता का, परतीला साधारण किती मिनिटं लागतात, आणि रिपोर्टमध्ये बोस्टन स्कोअर (आतडं किती साफ होतं त्याचे गुण) व सीकमचा फोटो असतो का. स्कोअर नऊपैकी असतो. आतड्याच्या तिन्ही भागांना प्रत्येकी किमान दोन हवेत. उत्तरं सरळ आली आणि काकांचा एमएमआर नॉर्मल निघाला, तर वडिलांना तिथेच न्या.