रोबो, रोबोट की यंत्रमानव?

दादरच्या एका वाचकाने विचारलंय: 'रोबो' लिहावं की 'रोबोट'? आणि 'यंत्रमानव' असताना हा परका शब्द हवाच कशाला?

शब्द एका चित्रकाराचा आहे. चेक लेखक कारेल चापेक १९२० मध्ये 'आर. यू. आर.' हे नाटक लिहीत होता. कारखान्यात घडणाऱ्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावं, सुचेना. 'लाबोरी' हे नाव त्याला पुस्तकी वाटत होतं. थोरला भाऊ योसेफ चित्र रंगवत होता. ब्रश तोंडात धरूनच तो पुटपुटला, मग 'रोबोती' म्हण. १९३३ मध्ये खुद्द कारेलने वर्तमानपत्रात लिहून हे श्रेय भावाला दिलं. तरी शब्द अजून कारेलच्याच नावावर छापला जातो, ते थांबायला हवं. हिटलरशाहीवर व्यंगचित्रं काढणारा योसेफ १९३९ मध्ये पकडला गेला आणि १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत संपला.

चेक 'रोबोता' म्हणजे आपली वेठ, जमीनदाराच्या शेतात फुकट राबणं. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागात, १७७५ च्या फर्मानाने ती आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली, १८४८ मध्ये ती बंद झाली. आपली 'वेठ' संस्कृत 'विष्टि'पासूनची. 'वेठबिगार'मध्ये तिचा जुना अर्थ शाबूत आहे. पण रिक्षा बंद पडल्या की 'प्रवासी वेठीस' असा मथळा येतो, तिथे राबणं नसतं, नुसती अडवणूक. 'रोबोता'चं मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'अर्भ'शीही जोडतात. म्हणजे रोबो आणि अर्भक दूरचे भाऊबंद! पोरकं मूल दुसऱ्याच्या दारी राबतं, असा तो अर्थाचा प्रवास.

आता 'यंत्रमानव'. नाटकातले रोबोट यंत्रं नव्हतेच, रसायनांतून घडवलेले जिवंत देह होते. आणि आजची यंत्रं मानवासारखी नसतात. मुंबई अग्निशमन दलाचा आगीवर पाणी मारणारा रोबो ही पट्ट्यांवर सरकणारी बुटकी गाडी आहे. शस्त्रक्रियेतला रोबो म्हणजे नुसते हात, तेही शल्यविशारद चालवतो तसे चालणारे. हातपाय-डोकं असलेल्या यंत्राला यंत्रमानव जरूर म्हणा, सरसकट नको.

'ट' हवाच असा आग्रह असेल, तर चेक उच्चार आपल्या 'त'जवळचा आहे. 'ट' इंग्रजीमार्गे आला. दोन्ही रूपं चालतात, पण एका लेखात एकच ठेवा, कारण सामान्यरूपं वेगळी होतात. 'रोबो' 'फोटो'सारखा चालतो: रोबोने, रोबोंना. 'रोबोट'ला लिहिताना 'आ' लागतो: रोबोटाने, रोबोटांना. माझं मत 'रोबो'ला. तो मराठीत सहज वळतो.