गेट, ग्रिल आणि कूलरचा गंज काढायला कोणतं मशीन घ्यावं?

तुम्ही विचारलंय की नागपुरातल्या जुन्या घराचं गेट, खिडक्यांच्या ग्रिल आणि कूलरची बॉडी उन्हाळ्याआधी रंगवायची आहे, तर ग्राइंडर घ्यावा की ड्रिलला ब्रश लावून भागेल. माझं मत विचाराल तर दोन्ही लागतील, कारण लोखंड किती जाड आहे त्यावरून मशीन ठरतं.

गेटच्या चौकटीला, अँगलला, पट्टीला ४ इंची अँगल ग्राइंडरच हवा. स्पीड कमी-जास्त करता येणारा घ्या. साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. एवढ्या वेगात जुना ऑइल पेंट तापून मऊ होतो आणि डिस्कलाच थापला जातो. खरं काम डिस्कचं, तिथे पैसे वाचवू नका. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत सुट्या मिळतात. रंगासाठी स्ट्रिप डिस्क, ती जाळीदार काळी किंवा जांभळी असते. रंग आणि वरवरचा गंज उचलते, लोखंडाला फारसा धक्का लावत नाही. फ्लॅप डिस्क लोखंडही खाते, म्हणून ती फक्त खपल्या धरलेल्या गंजावर, ६० नंबरची. ग्रिलच्या नक्षीत वायर कप ब्रश. त्यावर छापलेला आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, तुमच्या ग्राइंडरपेक्षा जास्त आहे ना, हे दुकानातच वाचून घ्या. तारा सुटतात आणि कातडीत रुततात. फेस शील्ड लावा, गार्ड काढू नका.

वायर ब्रश मारलेलं लोखंड चकचकीत दिसतं आणि काम झालंसं वाटतं. जवळून बघा, बारीक खड्ड्यांत काळपट गंज तसाच घोटून बसलेला असतो. शिवाय इतक्या गुळगुळीत लोखंडावर प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा थर, नीट धरत नाही. शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर हाताने मारायलाच हवा.

कूलरला मात्र ग्राइंडर लावूच नका. जीआय पत्रा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा, पातळ असतो, भोक पडायला वेळ लागत नाही, आणि गंज थोपवणारा जस्ताचा थरही निघून जातो. ड्रिलला नायलॉनचा अ‍ॅब्रेसिव्ह ब्रश लावून, हळू स्पीडला, तांबूस डागांपुरतंच घासा. टाकीतले पांढरे थर बहुतेक पाण्याच्या क्षारांचे असतात, ते भिजवून खरवडा. उघड्या जस्तावर ऑइल पेंट पुढे पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून जीआय पत्र्याला चालणारा प्राइमर मागा. गेटचं काम चालू असताना कूलरच्या वुडवूलच्या (लाकडी काथ्याच्या) ताट्या दूर ठेवा, ठिणगीने पेटतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१६ चा आहे. त्याआधीच्या रंगात ते बरंच जास्त असू शकतं. तुमच्या ग्रिल जुन्या असतील आणि घरात लहान मुलं असतील, तर त्यांवर मशीन चालवून धूळ उडवू नका. पेंट रिमूव्हर लावा, ओलं असतानाच पत्रीने (रंग खरवडायच्या पात्याने) खरवडा आणि चोथा कागदात गुंडाळून टाका.

गेटला रेड ऑक्साइड प्राइमर गंज काढला त्याच दिवशी मारा, पण सकाळी. दुपारच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर रंगाला फोड येतात.